राखून ठेवलेलं नाव

पाळण्याला फुगे लावून झाले, घुगऱ्या शिजल्या, गल्लीतल्या बायका सतरंजीवर ऐसपैस बसल्या, तरी बारा दिवसांच्या पोरीला नाव काय ठेवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तिचा बाप आणि चुलता आतल्या खोलीत भांडत होते. पोरीच्या नावावरून नाही, न झालेल्या पोराच्या नावावरून.

नाव होतं शिवांश. परळीत हल्ली हात मारावा तिथे शिवांश सापडतो. या एका गल्लीतच चार होते. संध्याकाळी एखादी आई हाक मारायची, तेव्हा ज्याला भूक लागलेली असेल तो घरी जायचा. तरी पोरीच्या बापाची, केदारनाथची, समजूत अशी, की हे नाव जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलं. पहिली मुलगी झाली, त्यानं नाव राखून ठेवलं. दुसरी झाली तरी राखूनच. त्या दुसरीचं नाव तर दवाखान्यातल्या नर्सनं सुचवलं, बापाला सवड नव्हती. सवड झाली तेव्हा त्यानं घराखालच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानावर भलीमोठी पाटी चढवली: शिवांश ट्रेडर्स. पोराचा पत्ता नाही आणि त्याच्या नावानं धंदा सुरू. गिऱ्हाइकं केदारनाथलाच शिवांशशेठ म्हणायला लागली आणि हा ओ द्यायला लागला. स्वतःच्या न जन्मलेल्या मुलाच्या नावानं ओ देताना माणसाला लाज वाटत नसेल, तर पुढं बोलणंच खुंटलं.

आता तिसरीही मुलगीच. त्यामुळं धाकटा भाऊ परमेश्वर म्हणत होता, नाव मला द्या. त्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि पोरगाच होणार याची त्याला खात्री होती. अशी खात्री कुठून मिळते, हे आपल्याकडं कुणी कुणाला विचारत नाही.

"पाच वर्षं झाली दादा, नुसतं पडून हाय तुझ्याकडं."

"पडून न्हाई बे, ठेवलंय. माझ्या पोरासाठी."

"कवा येणार हाय तो? आन् दुकान दोघांचं हाय, तर पाटीवरचं नाव तुझ्या एकट्याचं कसं?"

सगळं बाहेर ऐकू येत होतं. पोरींची आई योगिता पाळण्याची दोरी धरून खाली मान घालून बसली होती. सकाळपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. थोरल्या दोघी तिला चिकटून होत्या. सासूबाई नीलाबाई पाळण्याच्या दांडीवर बसलेली वीजकेंद्राची राख पदरानं पुसत म्हणाल्या, "पोरीच्या नावाचा एवढा कशाला इचार? सासरी गेल्यावर बदलायचंच हाय."

केदारनाथची थोरली बहीण विजयमाला नांदूरघाटहून पहिल्या एसटीनं आली होती. पोरीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती उठून खोलीच्या दाराशी गेली.

"बाया ताटकळल्यात. काय सांगू कानात?"

"तुला वाटंल ते सांग आक्का," केदारनाथ मान न वळवता म्हणाला. "आमी महत्त्वाचं बोलायलोत."

"मला वाटंल ते?"

"म्हणलं ना. कायबी ठेव. कुणी आडवं येणार न्हाई."

हेही बाहेर सगळ्यांनी ऐकलं. विजयमाला परत आली. तिनं पोरीच्या कानावरचं टोपडं सरकवलं, वाकून कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. गलका झाला, हसणं झालं. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी विचारलं, "काय ठेवलं गं?"

विजयमालानं पदर सारखा केला. "शिवांश."

हसणं थांबलं. आतलं भांडणही थांबलं. दोघे भाऊ दारात येऊन उभे राहिले.

"आक्का, कावून असं केलंस? ते पोराचं नाव हाय."

"कोणत्या पोराचं? दाखव की."

केदारनाथला दाखवता येईना. "दुसरं सांग कानात. परत सांग."

"एकदा पडलं ते पडलं. एवढ्या बायांनी पाठीत धपाटे घातलेत, ते काय परत घेणार हायत का?"

"पोरीला पोराचं नाव," नीलाबाई पुटपुटल्या. "लोक हसतील."

"आजवर काय करायलेत मग लोक?" विजयमाला म्हणाली. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला.

"म्हंजी आता कुणालाच न्हाई?" परमेश्वरनं विचारलं. त्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडतो.

केदारनाथनं पाळण्यात पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं दिसावं, तसं त्याचं तोंड झालं. पोरगी मुठी आवळून निवांत झोपली होती.

खालून, दुकानासमोरून, कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. "ओ शिवांशशेठ, हायत का वर? पत्रे पायजेत."

सवयीनं केदारनाथनं ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. योगितानं दोरी थोरलीच्या हातात दिली, उठली आणि खिडकीतून खाली वाकली.

"जरा दम धरा," ती म्हणाली. "शेठ आत्ताच झोपलेत."