सत्तर खूर

कल्पना करा, तुमच्यासमोर एक लांब टेबल आहे आणि त्यावर प्लॅस्टरचे सत्तर खूर मांडले आहेत. पाणवठ्याच्या चिखलात हरणाचं पुढचं पाऊल उमटलं की त्यात पातळ प्लॅस्टर ओतायचं. ते वाळलं की खुराचा ठसा हातात येतो. आता सांगा बरं, हरणं किती?

सत्तर? शिकारी मंडळानंही तेच म्हटलं होतं. ठसे त्यांनीच खोकं भरून पाठवले होते.

टेबलापाशी बसलेली नऊ वर्षांची मुलगी मात्र गप्प होती. घाईनं मोजायचं नाही, हे तिला आत्यानं शिकवलं होतं.

आत्या वन्यजीव खात्यात मोजणीदार होती. शाळा सुटली की मुलगी तिच्या कार्यालयात येऊन बसायची, बाबा न्यायला येईपर्यंत. बाबा सहा म्हणायचे आणि आठ वाजवायचे.

"हे दोन बघ," आत्या म्हणाली. "रुंदी तीच, टोकंही सारखीच झिजलेली. बाहेरचं नख जरा मोठं असतं, म्हणून हा डावा आणि हा उजवा. हरीण एकच."

"म्हणजे हे भाऊ-भाऊ?"

"अगदी सख्खे. लहानपणी तुझे बाबा माझ्याआधी जोडी लावायचे."

"मग आता का नाही लावत?"

"आता त्यांना वेळ कुठे असतो!"

पन्नासच्या वर हरणं भरली, तर शिकारीचे परवाने निघणार होते. आत्याच्या मोजणीत पस्तीसच भरली होती. मंडळाच्या सत्तरवर तिनं सही केली, तर आठवड्याभरात बंदुका बाहेर पडणार. नाही केली, तर तिची रवानगी कुठल्यातरी लांबच्या गोदामात. मुलीला हे सगळं ठाऊक होतं. ती सारखी दाराकडे बघत होती.

साडेसहाला बाहेर गाडी थांबली. मंत्र्यांचा सहायक आत आला, मागोमाग मंत्री. आत्या उठून उभी राहिली. मुलगी खोक्यामागे सरकली. कामाची माणसं आली की मध्ये बोलायचं नाही, असा आत्याचा नियम होता.

"ताई, तेवढी सही राहिलीय," सहायक म्हणाला. "सत्तर हरणं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"सत्तर खूर दिसताहेत."

"मग खूर काय एकटेच पाणी प्यायला आले होते?"

"एकटे नाही, जोडीनं आले होते. तेच तर चार दिवस सांगतेय."

सहायकाला हसू आलं. मंत्र्यांना नाही आलं, म्हणून त्यानं ते गिळलं.

"ताई, हट्ट सोडा," मंत्री म्हणाले. "मंडळाची माणसं निवडणुकीत माझ्यासाठी उन्हातान्हात फिरली. मी त्यांना शब्द दिलाय."

"हरणांना विचारून दिला होता का, साहेब?"

"तुमच्या बदलीच्या कागदावर मलाच सही करावी लागेल. मला ते आवडेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. पण माझ्या हातून पस्तीसचे सत्तर व्हायचे नाहीत."

मंत्री खुर्ची ओढून जडपणे बसले, चष्मा काढून डोळे चोळले. मग सहज हाताला लागला तो ठसा त्यांनी उचलला. नखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"डावा," ते पुटपुटले.

सहायक गोंधळून आत्याकडे बघू लागला. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

मुलगी खोक्यामागून उठली. आत्याचा नियम मोडून ती थेट मंत्र्यांच्या मांडीवर चढून बसली, त्यांच्या हातातल्या खुराला दुसरा खूर टेकवला आणि म्हणाली, "आणि हा त्याचा सख्खा भाऊ. बाबा, आता तुम्ही डावे शोधा, मी उजवे शोधते."