कोमट

पट्टी काळी झाली नव्हती.

वाफवालीने चष्मा पुसला आणि ड्रम उजेडाकडे फिरवला. ऑपरेशनची हत्यारं यातच भरून यंत्रात ठेवायची. आत वाफ नीट बसली की झाकणावरच्या कागदी पट्टीच्या रेघा काळ्याकुट्ट होतात. आताच्या रेघा सकाळी पट्टी चिकटवली तेव्हासारख्याच फिकट होत्या. यंत्राच्या दाराचं रबर फाटलेलं, अर्धी वाफ फरशीवर. नवं रबर मागून चार महिने झाले होते. गेल्या पंधरवड्यात दोघांच्या जखमा चिघळल्या, एकाचा पाय गेला.

"सही कर आणि दे आत," मागून आवाज आला.

ती वळली. इस्पितळाचे व्यवस्थापक. रविवारी चर्चमध्ये हेच मंडळीचे वडील, म्हणजे तिथले पंच; सगळे त्यांना वडीलच म्हणत. तिला इथे चिकटवलं यांनीच. लेकीचं लग्न जमवलं तेही यांनीच, स्वतःच्या भाच्याशी, पुढच्या महिन्यात.

"वडील, पट्टीचा रंग फिरला नाही. तासभर द्या, पुन्हा वाफ देते."

"तासाभरात डॉक्टर निघून जातील. पट्ट्याच जुन्या असतील."

"मग त्या दोघांचं काय झालं?"

"देवाची इच्छा." पंखा लाव म्हणावं तितक्या सहज म्हणाले. "तुला घेताना मी काय लिहून दिलं होतं? बाई देवभीरू आहे, आज्ञाधारक आहे. वरच्याची आज्ञा पाळायची, हे शास्त्र रविवारपुरतंच का?"

वरच्याची म्हणजे कुठवर वरच्याची, ते त्यांनी सांगितलं नाही. असली माणसं शास्त्र वाचतात ते आपल्या खुर्चीपर्यंतच, त्याच्या वर त्यांची मान वळत नाही. वाफवालीला हे कळत होतं. पण लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं. प्रभू, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं तिने मनात म्हटलं. कुणी आलं नाही.

वडिलांनी तिच्या बोटांत पेन खुपसलं. तिने ते खाली ठेवलं, झाकण उघडलं आणि उघडा हात ड्रममध्ये घातला.

या कामातला पहिला धडा तो. उघडा हात लागला की ड्रम बाद. चिमटे आणि कात्र्या खणखणल्या. खरं तर हात भाजायला हवा होता. हत्यारं कोमट होती, अंघोळीच्या पाण्यासारखी.

"बाद झाला," ती म्हणाली.

वडिलांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी तिचं मनगट धरून हात बाहेर काढला, झाकण लावलं, फिकट पट्टी सोलली. खिशातून दुसरी काढली. काळी, कुठल्यातरी जुन्या ड्रमची. म्हणजे घेऊनच आले होते. ती चिकटवून ड्रमसोबतच्या चिठ्ठीवर तिची सही त्यांनीच गिरवली.

"मी काही पाहिलं नाही," ते हळूच म्हणाले. "तू लेकीची आई आहेस. तूही नाही पाहिलंस."

भिंतीतली छोटी खिडकी पलीकडून उघडली. ऑपरेशनच्या खोलीतली नर्स.

"दे ग वाफवाले, लवकर. आजीला कमरेखाली भूल दिलीय, पण तोंड सुरूच. मला म्हणते, हत्यारं नीट धुतलीत ना, का कालच्या भाजीची सुरी आणताय?"

वडिलांनी ड्रम पुढे सरकवला. नर्सने तो उचलला.

"नाहीत," वाफवाली म्हणाली.

ड्रमच्या खणखणाटात ते खिडकीपलीकडे पोचलंच नाही. तिच्या मानेवर वडिलांचा श्वास लागत होता.

"काय ग? ऐकू नाही आलं."

पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं होतं. आता म्हणायला लागणार होतं. वाफवालीने हात लांबवून ड्रमची कडी धरली आणि पार ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "हत्यारं स्वच्छ नाहीत! पट्टी खोटी आहे!"

नर्स थिजली. मागे दार आपटलं. वडील मोबाइल काढत बाहेर पडले होते. फोन भाच्याच्या घरी चाललाय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने कडी सोडली नाही.

आतून आजीचा आवाज आला, "मग थांबते की. मला कुठं पळायचंय?"