मागचं चाक

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल महागलं आणि नेमकी तेव्हाच हंबीररावांची छोटी गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली. त्यांनी उंब्रजच्या चौकात, चार माणसांदेखत, ड्रायव्हर जालिंदरला चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली.

“मालक, मागचं चाक तापतंय. ब्रेक धरतोय त्यो,” जालिंदर म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी कराडच्या मिस्त्रीनं ते चाक खोललं. “ब्रेक सुटतच न्हाई. पेट्रोल जाणारच की. तुमच्या ड्रायव्हरला कळलं न्हाई व्हय?”

हंबीररावांनी उभं राहून ब्रेक दुरुस्त करून घेतला आणि गाडी घरी आणली.

जालिंदरला कुठंच काम मिळेना. शेवटी ट्रकवाल्या धोंडिरामानं त्याला ठेवायचं मनात आणलं. पण आधी तो हंबीररावांकडं विचारायला आला.

“जालिंदर गेल्यापासनं तुमच्या गाडीला पेट्रोल कमी लागतंय म्हणत्यात. खरं हाय का?”

हंबीररावांनी अंगणात उभ्या गाडीकडं बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले. “लय कमी लागतंय.”