चार तलंगा

बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कापूस खाल्ला, तेव्हा लेक आणि सून कामासाठी हैदराबादेला गेले, आणि घरात पंचफुलाबाई एकटी उरली. तिनं घाटंजीच्या बाजारातून चार कोवळ्या तलंगा आणल्या. घरच्या जुन्या कोंबड्या त्यांना टोचून रक्त काढायच्या, म्हणून त्यांना वेगळ्या टोपल्याखाली ठेवलं. रोज सकाळी एकेकीला मांडीवर घेऊन ती तळहातावरची ज्वारी चारायची. "खाय वं माय, मी आहो ना," म्हणत किती वेळ बोलत बसायची. तिचा आवाज ऐकला की चौघी टोपल्याखाली फडफडायच्या.

पंधरा दिवसांनी तिनं त्यांना मोकळं सोडलं. जुन्या कोंबड्यांनी दोन-चार चोची मारल्या आणि मग सगळ्या मिळून उकिरड्याकडे गेल्या. पंचफुलाबाईनं हाका मारल्या, ज्वारीचा हात पुढे केला. एकीनंही मान वर केली नाही.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा त्याच कोंबडीवाल्यापुढे उभी राहिली. "एकच देजो," म्हणाली.

"एकटी तलंग बाकीच्या कोंबड्यांमंदी लवकर मिसळत नाई, मावशी."



"म्हनूनच तं एक मांगून राह्यली."