वादळाची चाचणी

"हा कायम असाच ओरडणार का हो?" तिनं विचारलं.

दुकानाच्या टेबलावर नवाकोरा लॅपटॉप नुसता घोंघावत होता. दुकानदारानं मुद्दाम त्याला जड टेस्ट लावली होती आणि आतले पंखे जीव खाऊन फिरत होते. तो स्वतः मात्र बेहद्द खूश होता. तिच्या कामाला लागेल तो एकेक भाग निवडून, मागवून, त्यानं हा लॅपटॉप आपल्या हातानं जुळवला होता. वेगाचं कौतुक सांगताना त्याची गाडी काही थांबत नव्हती. तिचं सगळं लक्ष आवाजाकडे.

"ताई, एवढ्याशा डब्यात एवढी ताकद कोंबली की तो तापणार. तापला की पंखे बोंबलणार. ताकद हवी की शांतता, ते एकदा ठरवा."

तिला दोन्ही हवं होतं, कारण घरी बाबा होते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर ते तिच्याकडे राहायला आले. ऑपरेशन अगदी छान झालं, पण झोप जी उडाली ती उडालीच. रात्री टक्क जागे, दुपारी टक्क जागे. डॉक्टरांनी सांगून टाकलं की गोळ्या आता वाढवता येणार नाहीत, आणि माणूस झोपलाच नाही तर सावरणार कसा? दादा तर हात धुऊन मागे लागला होता. तू दिवसभर ऑफिसात, बाबांकडे बघायचं कुणी, त्यांना शुश्रूषागृहात ठेवू, म्हणून. तिनं ते साफ नाकारलं. शेवटी तिनं साहेबांना गळ घातली. ती ॲनिमेशनपट करायची. साहेब म्हणाले, खुशाल घरून कर, पण आपलं काम तुझ्या मशीनला झेपलं पाहिजे. म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथं सध्या शांततेची मोहीमच निघाली होती. बेलची वायर काढलेली, भिंतीवरचं घड्याळ कपाटात कोंबलेलं, मिक्सरला बंदी. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या छापखान्यात खडखडाट सोसलेल्या माणसाला आता तरी निवांतपणा मिळू दे, असं सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं. वहिनी भेटायला आली की कानगोष्टी केल्यासारखी बोलायची. शेजारच्या काकूंना शिंक आली तर त्या जिन्यात जाऊन शिंकायच्या. इतकं करून बाबा आपले आढ्याकडे बघत पडलेले.

दुकानदार माणूस भला होता. घरी न्या, तुमचं खरं काम त्यावर करून बघा, नाही पटला तर परत आणा, असं म्हणाला.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल सरकवला आणि ओट्यावर लॅपटॉप उघडला. तिच्या चित्रपटातलं सगळ्यात अवघड दृश्य काढलं. भर समुद्रातलं वादळ, ज्यातली प्रत्येक लाट आणि प्रत्येक थेंब कॉम्प्युटरला हिशेब करून रंगवावा लागतो. ऑफिसातलं मशीन यात हमखास मान टाकायचं. याचं तसं नव्हतं. यानं वादळ अंगावर घेतलं आणि चित्रांमागून चित्रं पडू लागली. एरवी ती नाचलीच असती.

पण आवाज! दुकानातला त्यापुढे काहीच नव्हता. ओटा थरथरत होता, वाट्या एकमेकींवर वाजत होत्या. टॉवेल काय कपाळ आवाज अडवणार? हे रोज चालवायचं, तेही बाबांच्या उशाशी? छे. लॅपटॉप परत करायचा, आणि दादा म्हणतो तेच करायचं. तिनं डोळे पुसले आणि दादाला लावायला फोन हातात घेतला. मग वाटलं, आधी बाबांना आपणच सांगावं. मागून कळलं तर त्यांना फार लागेल. लॅपटॉप तसाच घोंघावत ठेवून ती बाहेर आली.

बाबांची मान एका बाजूला कलली होती. तोंड उघडं, डोळे मिटलेले. तिनं वाकून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

श्वास गरम लागला. पाठोपाठ एक खणखणीत घोरणं आलं, आणि ती तिथंच खाली बसली. हसू की रडू तिला कळेना. अखेर लागू पडली म्हणायची गोळी! स्वयंपाकघरात एवढा गोंधळ चाललाय आणि हे खुशाल घोरतायत. घोरणं ऐकत बसावंसं वाटेल असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ नुसती ऐकत बसली.

मग आतलं वादळ रंगवून पूर्ण झालं. पंखे हळूहळू मंदावले, थांबले. घर पुन्हा चिडीचूप झालं.

बाबांनी डोळे उघडले.

"मशीन का थांबलं गं?" ते अर्धवट झोपेतच पुटपुटले. "अंक छापून झाला?"

आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांनी मिळून केवढ्या प्रेमानं या माणसाची झोप घालवली होती!

"नाही बाबा, अजून पुष्कळ बाकी आहे. झोपा तुम्ही," ती म्हणाली. धावत आत जाऊन तिनं लॅपटॉप उचलला, बाबांच्या उशाशी आणून ठेवला आणि पूर्ण झालेलं वादळ पुन्हा पहिल्या थेंबापासून रंगवायला लावलं.