क्रूसामागची फळी

सुताराचा थोरला भाऊ दरवर्षी गुड फ्रायडेला चर्चचा भला मोठा लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन गावभर चालायचा. दोघा भावांत वीस वर्षं अबोला. पण आदल्या दिवशी सुतार मागच्या दाराने चर्चमध्ये शिरायचा, क्रूसामागची फळी काढायचा, आतलं लाकूड थोडं कोरायचा आणि फळी पुन्हा ठोकून बसवायचा. भावाचे गुडघे गेले होते ना! शेवटी शेवटी तर क्रूस इतका हलका झाला, की वारा सुटला तर चार माणसांनी तो धरून ठेवावा.

"विश्वास दांडगा असला की ओझ्याचा असा कापूस होतो," भाऊ छाती फुगवून सांगायचा.

लोक सुताराला टोचायचे, "शिक जरा थोरल्याकडून! कधी क्रूसाला हात तरी लावलास का रे?"

सुतार बाहीवरचा भुसा झटकायचा.

यंदा हिवाळ्यात भाऊ गेला. आता क्रूस एक धट्टाकट्टा लोहार उचलणार होता. त्याने तो चुटकीसरशी उचलला, तर मेलेल्या भावाचं हसं होईल, म्हणून पोकळी भरून टाकायला सुताराने फळी उघडली. आत घडी केलेली चिठ्ठी होती. अक्षर थोरल्याचं.

"धाकट्या, या खेपेला खिळा वाकडा बसलाय. हात थरथरायला लागले का रे तुझे? पुढच्या वर्षी कोरू नकोस. जड असला तरी नेईन मी."