झाडलेला माळ

बयाबाईंनी खुरप्यानं चार बोटं माती उकरली, ओंजळीत घेतली आणि हळूच फुंकर मारली. धूळ उडाली. हातात बारीक खडे राहिले.

"जरा पुढं बघते," म्हणत त्या अनवाणी पावलांनी दहा हात पुढं गेल्या आणि पुन्हा बसल्या.

सडकेला मेंढरांचा व्यापारी पीरमहंमद याचा टेम्पो उभा होता. एरवी तो बयाबाईंकडून वर्षाला दोन-चार नर मेंढरं नेई. आज सगळा कळप चढवला होता. फळी तेवढी लावायची राहिली होती. बयाबाईंनी त्याच्याकडून घटकाभर वेळ मागून घेतला होता. मातीत एक जरी मोड आलेला दाणा दिसला, तर मेंढरं खाली उतरवायची.

पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला होता. मग तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं आणि वीतभर गवत उभ्या उभ्या जळालं. दुसरा पाऊस होऊन आज नऊ दिवस झाले होते. माळ तसाच उघडा होता.

"मावशी, उगवायचं असतं तर आतापतूर उगवलं असतं की," पीरमहंमद माळावर येत म्हणाला. "मेंढरांस्नी काय खडं चारता व्हय?"

"तुला बाजारातलं कळतंय बाबा, माळातलं न्हाई. ह्या कुसळी गवताच्या एका कणसात दोन तऱ्हंचं बी असतंय. टपोरं असतंय ते येडं. पयल्या पाण्याला उठतंय अन् उन्हात मरतंय. त्याच्या बगलंला बारीक काळं असतंय, ते लय खट. दडून ऱ्हातंय. काय दुसऱ्या पाण्याला येतंय, काय पुढच्या साली. समदं एकदम कवाच उठत न्हाई. म्हणून तर ह्यो माळ टिकलाय."

"मग ते काळं गेलं कुठं?"

 बयाबाईंनी आणखी एक ओंजळ फुंकली.

इतका वेळ टेम्पोपाशी उभी असलेली त्यांची सून मंगल जवळ आली.

"आत्या, उठा. न्हाई घावायचं."

"का गं?"

"म्या माळ झाडलाय."

बयाबाईंनी वर पाहिलं.

"माघात तुमी विट्याला वन्संकडं पाय दाखवाया गेला हुता. पायात कुसळं मोडून पू धरला हुता. डाक्टर म्हणला, आसंच चाललं तर पाय ऱ्हात न्हाई. तुमी म्हणला, औंधच्या यमाईला नवस बोललीया, वहाण घालायची न्हाई. मग म्या काय करू? खराटा घेतला. म्हैनाभर झाडत हुते. मातीसकट खरवडून ढीग लावलं अन् पेटवलं. भेगंत पडलेलं टपोरं तेवढं सुटलं असंल, बाकी एक कुसळ म्हणून ठेवलं न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना तिच्या आवाजात त्या कष्टाचा अभिमान आला. तो तिचा तिलाच ऐकू आला.

बयाबाईंनी आपल्या पायांचे तळवे पाहिले. जखमा भरल्या होत्या. त्यावर नवी, पातळ कातडी आली होती.

"मेंढरं सुखरूप ऱ्हावीत म्हणूनच बोलले हुते गं मी," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि सरळ टेम्पोकडं गेल्या.

"मावशी, आता उतरवता का काय?"

"न्हाई बाबा. मला जरा वर चढू दे."

मेंढ्यांच्या गर्दीत त्या गुडघ्यांवर बसल्या. एकेक मेंढी जवळ घेऊन मानेखालची, पोटाखालची लोकर बोटांनी फाकवून पाहू लागल्या. गुंतलेलं कुसळ ओढायचं, टोकाचं बी चिमटीत दाबायचं, बारीक काळं असेल तर पदरात टाकायचं. पीरमहंमदला बाजार गाठायचा होता. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि घड्याळाचा हात खिशात घातला.

बऱ्याच वेळानं बयाबाई उतरल्या. पदराच्या टोकात चिमूटभर बी बांधलेलं होतं. गाठ सोडून त्यांनी ते मंगलच्या तळहातावर ठेवलं.

"समदं एकदम टाकू नगंस. निम्मं औंदा टाक, निम्मं ठेव."

मंगलनं मूठ मिटली.

"कुणाच्या तोंडात जायाला ठेवू, आत्या?"

 बयाबाई माळाकडं चालू लागल्या होत्या. फळी अजून उघडीच होती. पुढची थोराड मेंढी त्यांच्या मागं उतरायला म्हणून कडेला आली आणि तिनं एक पाय खाली सोडला.

"वैनी, जरा लोटा तिला," पीरमहंमद म्हणाला.

मंगलनं मिटल्या मुठीनंच तिचं डोकं आत सारलं. पीरमहंमदनं फळी लावली.